गॅरेजमध्ये पुन्हा गाडी लावायची असेल तर

आमच्या सांगलीच्या घराचं गॅरेज सासऱ्यांनी १९७८ साली फियाटसाठी बांधलं. १९९६ मध्ये फियाट विकली आणि त्या खोलीत नंतर चारचाकी कधी शिरलीच नाही. शिरल्या त्या गाद्या, मोडका मिक्सर, पितळी घंगाळं, तीन पिढ्यांच्या वह्या, द्राक्षबागेच्या औषधांच्या बाटल्या आणि ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेले नळाचे तुकडे. नवी गाडी मात्र वर्षानुवर्षं फाटकाबाहेर उन्हात तापत उभी.

मग ऑगस्ट २०१९ आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५ फूट; त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. सामान वर न्यायला आमच्या हातात एक दुपार होती. त्या दुपारी मी आणि माझ्या मुलाने धापा टाकत एक मोठं खोकं जिन्यावरून वर नेलं, ते उघडलं तर आत टीव्हीसोबत आलेला थर्माकोल. घराच्या खरेदीखताची फाइल खालीच राहिली, कारण ती कुठल्या खोक्यात आहे हे कुणालाच सांगता येईना. पाणी ओसरल्यावर शटर वर केलं तेव्हा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा लगदा झाला होता आणि एक औषधाची बाटली फुटून गाद्यांना असा वास लागला होता की शेजारच्यांनी नाकाला पदर लावला.

त्यानंतर गॅरेज आवरायला जवळजवळ अख्खा हिवाळा गेला. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यांसाठी ते कसं केलं, कुठे चुकलं, ते लिहिते आहे. तुमच्याकडे गॅरेज नसेल, माळा किंवा जिन्याखालची अडगळ असेल, तरी बरंचसं लागू पडेल.

कधी आणि किती

दिवाळीच्या साफसफाईत गॅरेजला हात घालू नका. तेव्हा फराळाचं असतं, पाहुणे असतात, आणि चार दिवसांवर सण आला की माणूस अर्धं काढलेलं सामान पुन्हा आत कोंबतो. मार्गशीर्ष ते माघ हा काळ उत्तम. ऊन कोरडं असतं, अंगणात सामान राहिलं तरी पावसाची भीती नसते.

एका रविवारात सगळं उरकण्याचा हट्टही नको. आम्ही पहिल्या रविवारी तेच केलं. दुपारी चारपर्यंत अंगणभर पसारा, सगळ्यांच्या कमरा धरलेल्या, आणि सहाला दिवेलागणीच्या घाईत सगळं होतं तसं परत आत. पुढच्या वेळी एकच भिंत घेतली आणि दोनच तास. बाहेर काढलेल्या प्रत्येक वस्तूचं काय करायचं ते त्याच दिवशी ठरवायचं, हा नियम केला. सहा-सात रविवारांत खोली मोकळी झाली.

आत हात घालण्याआधी

पूर्ण बाह्यांचा जुना सदरा, बंद बूट, जाड हातमोजे, तोंडाला मास्क, हातात टॉर्च आणि काठी. वर्षानुवर्षं न हललेल्या विटा, लाकडं आणि गोणपाट यांच्याखाली विंचू असतोच असं धरून चाला. वस्तू आधी काठीने हलवायची, मग हात लावायचा. साप दिसला तर मारामारी न करता दार उघडं ठेवून मागे सरा आणि सर्पमित्राला फोन करा. विंचू चावलाच, विशेषतः लाल, तर कांदा चोळण्यात आणि मांत्रिकाकडे जाण्यात वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवल्यापासून कितीतरी जीव वाचले आहेत, पण ते डॉक्टरांच्या हातूनच मिळायला हवं.

उंदराच्या लेंड्या कोरड्या झाडूने झाडू नका, त्याची धूळ छातीत जाते. आधी फिनेलचं पाणी शिंपडा, दहा मिनिटं थांबा, मग ओल्या फडक्याने गोळा करा. पूर येऊन गेलेल्या खोलीत तर हातापायाला कापलेलं, चिरलेलं असेल तिथे पट्टी लावल्याशिवाय शिरायचंच नाही. लेप्टो या तापाचे जंतू उंदराच्या लघवीतून येतात आणि अशा जखमेतून शरीरात शिरतात.

वाटे घालणं

अंगणात ताडपत्री पसरून चार वाटे घाला: ठेवायचं, द्यायचं, मोडीत किंवा भंगारात, आणि धोक्याचं. पाचवा एक वाटा आपोआप तयार होतो, ‘ठरत नाही’ नावाचा. त्याला बंदी घालून उपयोग नाही, भांडणं होतात. त्याला आम्ही एक पत्र्याची ट्रंक दिली. ट्रंकेत मावेल तेवढंच ‘ठरत नाही’. नवीन काही ठेवायचं तर जुनं एक काढायचं.

‘हे कधी लागेल का?’ असा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर आपल्याकडे नेहमीच ‘हो’ असतं. त्याऐवजी विचारा, ‘लागलं तर मी इथे शोधायला येईन, की कोपऱ्यावरच्या दुकानातून नवीन आणीन?’ नळाच्या तुकड्यांची अख्खी गोणी या एका प्रश्नावर निकालात निघाली. सासऱ्यांचा पान्ह्यांचा संच मात्र राहिला. तसं पोलाद आता मिळत नाही असं नवऱ्याचं म्हणणं, आणि या बाबतीत मी वाद घातला नाही.

धोक्याचा वाटा आधी

हा वाटा सगळ्यात आधी निकाली काढा, मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना लांब ठेवून.

आमच्या भागात घरोघर शेतीची औषधं उरतात. लेबल निघालेली बाटली उघडून, वास घेऊन ओळखायला जाऊ नका. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतून ठेवलेलं औषध हा तर सगळ्यात मोठा धोका; गॅरेजमध्ये तहानलेला गडीमाणूस हमखास तिकडे हात घालतो. उरलेलं औषध मोरीत किंवा ओढ्यात ओतायचं नाही. ज्या कृषी सेवा केंद्रातून घेतलं तिथे किंवा कृषी अधिकाऱ्यांकडे विचारा. रिकामा डबा तीनदा विसळा, ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओता, आणि डब्याला भोकं पाडा, म्हणजे कुणी त्यात दूध-तेल भरणार नाही. बोर्डोसाठी, म्हणजे बागेवर फवारायच्या चुना-मोरचुदाच्या मिश्रणासाठी, आणलेलं मोरचूद पत्र्याच्या डब्यात ठेवलं असेल तर डबा उचलू नका, तळ हातात येईल. मोरचुदाला ओल लागली की ते लोखंड खातं. आमच्या डब्याच्या तळाशी लालसर तांब्याचा थर जमला होता आणि पत्रा पापडासारखा चुरत होता.

धान्याला कीड लागू नये म्हणून ठेवायच्या विषारी गोळ्या आणि उंदरांची काळी पूड यांना ओल लागली की फॉस्फीन वायू सुटतो, आणि बंद खोलीत तो जीव घेतो. अशा गोळ्या घराच्या आसपासही नकोत. घरातल्या धान्याला कडक ऊन, कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि घट्ट झाकणाची कोठी पुरते.

रंगाचे अर्धे डबे, थिनर, टर्पेंटाइन, पेट्रोलची बाटली, रॉकेल: ज्वालाग्राही असलेलं काहीही ठेवायचं नाही. पॉलिश करताना अळशीच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून एका कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. हे ऐकून माझा विश्वास बसला नव्हता, पण ते खरं आहे. सुताराला विचारून पाहा. अशी फडकी बाहेर पसरून वाळवायची, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवून मग टाकायची. संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एका फळीवर ठेवू नका. ती एकत्र सांडली तर क्लोरीन सुटतो.

फुगलेली मोबाइलची बॅटरी दाबू नका, टोचू नका. वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदार घेतो आणि किंमत वळती करतो. जुन्या सीएफएल दिव्यांत पारा असतो. दिवा फुटला तर झाडू न मारता खिडकी उघडून पंधरा मिनिटं बाहेर थांबा, मग तुकडे जाड कागदाने उचला. मुदत संपलेली औषधं, दिवे आणि रंग हा ‘घरगुती घातक कचरा’. २०१६ च्या नियमांपासून तो ओल्या आणि सुक्या कचऱ्यापासून वेगळा द्यायचा असतो. घंटागाडीवाल्याला वेगळ्या पिशवीत द्या आणि तोंडाने सांगाही.

एक गोष्ट जुन्या गॅरेजवाल्यांसाठी. गाडीखाली उतरून काम करायला जमिनीत जो खड्डा असतो, त्याच्यावर फळ्या टाकून आम्ही गॅसचा भरलेला सिलिंडर ठेवत होतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो वर उडून जात नाही, थेट अशा खड्ड्यात जाऊन बसतो आणि ठिणगीची वाट पाहतो. पेट्रोलच्या वाफेचंही तेच. खड्डा मुरूम टाकून बुजवून घेतला. सिलिंडर आता हवेशीर जागी, उभा, टोपी लावून असतो.

मोडीतलं आणि भंगारातलं

भंगारवाल्याला बोलवण्याआधी तुम्हीच तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, लोखंड वेगळं करा. ढीग एकत्र दिला तर भाव लोखंडाचाच लागतो. हातात साधा लोहचुंबक ठेवा. पितळाला आणि तांब्याला तो चिकटत नाही. चिकटला तर वरचा पिवळा रंग नुसता मुलामा आहे. वायरी जाळून तांबं काढू नका, तो धूर विषारी असतो.

पितळी-तांब्याची भांडी भंगारात देऊच नका. भांड्यांच्या दुकानात मोडीत घाला, तिथे धातूचा भाव मिळतो आणि त्या बदल्यात नवीन भांडं घेता येतं. आम्ही पाच हंडे-घागरी मोडीत घातल्या, पण आजेसासूबाईंचं घंगाळ ठेवलं. बुडाशी ठोकलेली अक्षरं आहेत, नाव आणि गाव. कल्हई गेलेली असेल तर आंबट पदार्थ त्यात ठेवू नका, एवढं सोडलं तर पितळ पिढ्यान्पिढ्या टिकतं.

जुना फ्रिज ‘कपाट म्हणून होईल’ या नावाखाली ठेवू नका. ठेवलाच तर त्याचं दार काढून टाका. लपाछपीत मूल आत शिरलं तर बाहेरून आवाजही येत नाही.

कापसाच्या गाद्या पुरात भिजल्या असतील तर त्यांची दया येऊ देऊ नका. नुसत्या दबलेल्या असतील तर पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घ्या. एका जुन्या गादीतून दोन हलक्या निघाल्या आमच्याकडे.

रद्दी देताना प्रत्येक वही झटका. आमच्या १९८३ च्या हिशोबाच्या वहीत पोस्टाच्या बचतपत्राची पावती निघाली आणि सासूबाईंच्या रेसिपीच्या कागदांत नवऱ्याचा शाळा सोडल्याचा दाखला. खरेदीखत, सात-बारा, विम्याची कागदं, दाखले: यांची जागा गॅरेज नव्हेच. ती वरच्या मजल्यावरच्या कपाटात, झिप लावायच्या प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये, आणि प्रत्येकाचा फोटो मोबाइलमध्ये.

रिकाम्या खोलीची परीक्षा

खोली रिकामी झाली की लगेच भरू नका. एक परीक्षा सोपी आहे. दीड-दोन फूट चौरस प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद जमिनीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी कागदाच्या आतल्या बाजूला थेंब दिसले तर ओल खालून येते आहे. तिथे ठेवलेली लाकडी किंवा कापडी वस्तू उन्हाळ्यातही सडणार. भिंतीला लोणा लागला असेल, पांढरी खार फुटली असेल, तर रंग देऊन ते झाकू नका. आधी पाणी कुठून येतं ते शोधा. आमच्याकडे शेजारच्या नळाची गळती निघाली आणि पाचशे रुपयांत काम झालं.

उंदरांच्या वाटा बुजवताना नुसतं सिमेंट ते कुरतडतात. भोकात भांडी घासायच्या तारेचा गोळा कोंबून वरून सिमेंट करा. शटरखालच्या फटीला रबरी पट्टी लावा. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी. एक नळी मोडून ठेवा, दोन दिवसांत पुन्हा जोडलेली दिसली तर ती जिवंत आहे आणि कीटकनाशकवाल्याला बोलवायला हवं.

ठेवायचं कसं

लोखंडी अँगलची मांडणी करून घ्या आणि ती भिंतीला बोल्टने पक्की करा, नाहीतर वरच्या फळीवर मूल चढलं की सगळंच अंगावर येतं. भिंतीपासून चार बोटं जागा सोडा, हवा खेळते आणि मागे उंदीर दिसतो. जड वस्तू कमरेच्या उंचीला, हलक्या वर. तळाची फळी आम्ही २०१९ च्या पाण्याच्या खुणेच्या वर बसवली. ती खूण अजून भिंतीवर आहे, मुद्दाम रंगवली नाही. खुणेखाली फक्त पाण्याने काही न बिघडणारं: पाटा-वरवंटा, घंगाळ, फरशांचे तुकडे.

पुठ्ठ्याची खोकी नकोत. त्यातला डिंक-खळ झुरळांना आणि कसरीला आवडतो, आणि ओल लागली की तळ बसतो. झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे किंवा पत्र्याच्या ट्रंका, विटांवर. एक चूक मात्र सगळे करतात. उन्हात तापलेले कपडे लगेच डब्यात बंद करतात, मग आत दव धरतं आणि बुरशी येते. वाळवण झाल्यावर कपडे सावलीत तासभर गार होऊ द्या, मगच घड्या घाला.

डांबर गोळ्या कपड्यांच्या वर, कागदाच्या पुडीत ठेवा. त्यांची वाफ जड असते, खाली उतरते. पण तान्ह्या मुलाचे कपडे, दुपटी, झबली त्यांच्यासोबत ठेवू नका. काही बाळांमध्ये जी-६-पीडी नावाच्या घटकाची जन्मजात कमतरता असते आणि या गोळ्यांच्या वाफेने त्यांच्या रक्तपेशी फुटून कावीळ होते. पिढीजात झबलं बारशाला घालायचं असेल तर आधी धुऊन दोन-तीन दिवस उन्हात. पैठणी तर गॅरेजमध्ये नकोच. ती मलमलीत गुंडाळून घरच्या कपाटात, जरीला गोळी न लागता, आणि वर्षातून दोनदा घडी बदलून.

गणपती-गौरीच्या सामानाला एक स्वतंत्र ट्रंक द्या, ते एकत्र राहिलं की ऐन वेळी धावपळ होत नाही. दिव्यांच्या माळा पुठ्ठ्याच्या पट्टीवर गुंडाळा आणि गुंडाळण्याआधी एकदा लावून बघा. बंद पडलेली माळ वर्षभर जपण्यात काय अर्थ? गौरीचे मुखवटे नाक-डोळ्यांवर मऊ सुती कापड घालून, तोंडं वर करून ठेवायचे, एकमेकांत न अडकवता. आमच्या धाकट्या गौरीच्या नाकाचा टवका असाच उडाला होता. सासूबाई दर वर्षी तिथे हळदीचं बोट टेकवतात.

अंगणात, गच्चीवर टायर, कुंड्या, फुटके डबे ठेवणार असाल तर पालथे. डेंग्यूच्या डासाची अंडी डब्याच्या भिंतीला चिकटून कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात, म्हणून पाणी ओतून देणं पुरत नाही, आतून घासावं लागतं.

गाडी आत आली की

शटर बंद ठेवून इंजिन सुरू करायचं नाही, एक मिनिटही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. इलेक्ट्रिक स्कूटर चार्ज करत असाल तर ती कपड्यांच्या ट्रंकांपासून दूर, आणि बाहेर पडायच्या वाटेत नाही. स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट घ्या; एक्स्टेन्शनची वायर दाराखालून ओढून काम भागवू नका.

प्रत्येक डब्यावर दोन बाजूंना जाड मार्करने नाव लिहिलं आहे. दाराच्या आत दोरीने बांधलेली वही आहे: फळी एक, डबा तीन, काय आहे. वहीच्या पहिल्या पानावर पूर आला तर वर न्यायच्या सात वस्तूंची यादी, क्रमाने. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं तेव्हा मुलाने ते पान फाडून हातात घेतलं आणि पाऊण तासात सातही वस्तू वर होत्या.

तपासणीसाठी वेगळा दिवस लक्षात ठेवावा लागत नाही. खंडेनवमीला हत्यारं बाहेर येतातच. पान्ह्यांना तेलाचा हात फिरतो, झेंडूचं फूल वाहिलं जातं, आणि त्याच वेळी ‘ठरत नाही’ची ट्रंक उघडते. गेल्या वर्षी त्यातून फियाटच्या चाकाची एक गोल टोपी निघाली. नवऱ्याने ती पुसली, इकडे-तिकडे पाहिलं, आणि परत ट्रंकेत ठेवली. बदल्यात स्वतःची जुनी क्रिकेटची पॅडं बाहेर काढली.